पडद्यावर उमटलेली पाठ

बुधवार, ९ ऑक्टोबर

चि. चिमीस,
ताईचे आशीर्वाद.

फोनच्या पडद्यावरचा डाग जाणार नाही. फोनवाल्यानं काल दुपारी पक्कं सांगितलं. चष्मा कपाळावर चढवून, डोळ्याला भिंग लावून, फोन उलटासुलटा करून त्यानं पाहिला आणि म्हणाला, "बाई, हा काचेवरचा नाही, आतला आहे. घासून मरा, जायचा नाही. अख्खा पडदा बदलावा लागेल." ह्या मॉडेलचे पडदे आता येत नाहीत. त्याला कुठूनतरी एक मिळतोय, पण तो दुसरं कुणी उचलायच्या आत हो की नाही ते कळवा म्हणालाय.

बाकी इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतोय. नाटकवाल्यांचं काम आलंय. त्यांना राणीसाठी पोटरीपर्यंत येणारे केस हवेत, आणि राणी म्हणजे उभी राहिली तरी बसल्यासारखी दिसते. मी म्हटलं, अहो, टोप बाईंना घालायचाय की बाईंना टोपात घालायचंय? दिग्दर्शक हसला नाही. हल्लीचे दिग्दर्शक हसत नाहीत.

तिकडेही ठीक असेल असं धरते. तू विचारलं की ठीकच म्हणतेस, त्यामुळे धरायलाच लागतं.

तुला वाटेल, एका डागासाठी ताईनं कागद-पेन का काढलं? फोनबद्दलचं फोनवर बोलायला मला कसंसंच वाटतंय. तो ऐकतो आहे असं वाटतं. हसू नकोस.

तू परवा म्हणालीस, "ताई, टाक की आता तो, नवा घे." तुझं बरोबर आहे. पण ह्यांनी तो घेतला तेव्हा तो त्या कंपनीचा सगळ्यात वरचा फोन होता, हे तुला आठवत असेल. घरी आणला तेव्हा ह्यांनी तो असा दाखवला जसं काही स्वतः घडवलाय. आणि वस्तू अस्सल आहे गं. त्याच्या पडद्यापुढे आजचे फोन फिके वाटतात. काळा म्हणजे काळा, तेल लावलेल्या केसांसारखा. कॅमेऱ्यातून मी टोपाच्या जाळीवरची एकेक गाठ मोठी करून बघते, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या भिंगापेक्षा स्वच्छ दिसते. त्याच्या पोटातून ती बारीक लेखणी निघते, तिनं गिऱ्हाइकाच्या फोटोवर कपाळाची रेषा आखून घेते. आवाज तर खोलीभर.

खोडीही आहेत. तापतो, इतका की त्याच्यावर केस सरळ करून घ्यावेत. बॅटरी रुसक्या पाहुण्यासारखी, अर्धी आहे अर्धी आहे म्हणेपर्यंत उठून चालती होते, म्हणून सतत वायरला बांधलेला. पाठीची काच तडकलेली, बोटाला लागते. आणि मुख्य म्हणजे कंपनीनं त्याच्याकडे बघणं सोडून दिलंय. नवीन काही त्याच्यापर्यंत येतच नाही. गेल्या महिन्यात आपल्या व्हिडिओ कॉलच्या ॲपनं सरळ पाटी लावली की, तुमच्या फोनवर आता हे चालणार नाही. झालं. आपली दिवसभराची सोबत त्या दिवशी बंद पडली.

तुला मी लगेच साधा फोन लावून सांगितलं, आठवतं? तू "अरे देवा" म्हणालीस. पण त्याच्या आधी, चिमे, तू एक श्वास सोडलास. जड पिशवी खाली ठेवताना सोडतात तसा. मी ऐकला तो.

असो. डागाचं सांगत होते.

ॲप बंद पडल्यावरही मी सकाळी फोन तिथेच ठेवला, खिडकीतल्या पत्र्याच्या डब्याला टेकून, जिथे वर्षभर ठेवत आले. सवय. पडदा पांढरा झाला होता. आणि त्या पांढऱ्यावर मला तुझी खोली दिसली. फोन बंद केला, चालू केला, पुसला. खोली तिथेच. तुझ्या खिडकीची चौकट, गज, तुझ्या खुर्चीची पाठ. आणि खुर्चीत बसलेलं, उजेडाकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ केलेलं, कुणीतरी. सगळं उलट्या रंगात. खिडकी काळपट, गज उजळ, केस पांढरेधोप. तू एकदम म्हातारी होऊन पाठमोरी बसली आहेस असं वाटलं. माझ्या हातातली सुई पडली.

फोनवाला म्हणाला, हा पडदा म्हणजे बारीक दिव्यांची दाटी. जिथले दिवे सतत जळतात ते लवकर थकतात, जिथले विझलेले असतात ते ताजे राहतात. एकच चित्र फार काळ दिसत राहिलं की ते थकव्यानं उमटतं. मी म्हटलं, बरोबर आहे, माझी बहीण समोर असायची दिवसभर, दोघी आपापल्या घरी काम करायचो, फोन लावून ठेवून. तो म्हणाला, "खिडकी समजू शकतो, खुर्ची समजू शकतो. पण बाई, माणूस हलतं. मान वळवतं, पाणी प्यायला उठतं. हलणारं असं रेखीव उमटत नाही." मग फोन तिरपा धरून म्हणाला, "कॅमेऱ्यापुढे पुतळा-बितळा ठेवला होता का बहिणीनं?"

मी हसले. म्हटलं, आमचा धंदाच टोपांचा, घरभर लाकडी डोकी असतात. त्याला ते पटलं. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला आणि मी घरी आले.

मावशी होती ना ती? रुंद कपाळाचं जुनं लाकडी डोकं, ज्याला आपण मावशी म्हणतो, ते? स्टँडवर बसवलेलं, त्यावर तुझ्यासारखा टोप, खांद्यांच्या जागी तुझा निळा स्वेटर?

आता लिहायचं टाळत होते ते लिहिते. मला हे फोनवाल्यानं सांगितलेलं नाही. मला आधीपासून माहीत होतं.

सबंध जन्म केसांत गेला आपला, चिमे. टोप मला ओळखू येणार नाही का? तोही असल्या पडद्यावर, जिथे एकेक केस मोजता येतो? पहिल्याच दुपारी ओळखला. काम मात्र नामी होतं, हे आधी सांगते. मानेवरची लव, तिथल्या एकेका केसाची गाठ, पांढऱ्याची बट अगदी जिथल्या तिथे. मी आ वासून बघत राहिले. फक्त भोवरा चुकला. तुझा भोवरा डावीकडे आहे. लहानपणी रोज तुझी वेणी मी घातली, मला तो पाठ आहे. तू तो मधोमध बसवलास. तुझा दोष नाही, स्वतःचा भोवरा कुणालाच दिसत नाही.

तरी मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू मावशीला उचलून ठेवलं असतंस आणि मग खुर्ची रिकामी दिसली असती. रिकामी खुर्ची माझ्या घरात एक आहेच, मला दुसरी नको होती. म्हणून सकाळी तू असायचीस तेव्हा तुझ्याशी बोलायचे आणि दुपारी मावशीशी. आज ऊन नाही गं. हा केस फार कोरडा आलाय. धागा संपत आला वाटतं. थोड्या वेळानं तुझं "हं" यायचं. नाकातल्या नाकात, अर्धवट, लक्ष दुसरीकडे असल्यासारखं. तेवढं पुरायचं मला. वाटायचं, पाठ दुखत असेल बिचारीची, आतल्या खोलीत पडली असेल, पण घरात आहे, ऐकते आहे.

फोनवाल्यानं पुतळा म्हटल्यापासून मात्र चैन नाही. हा एवढा ठसा उठायला मावशी तिथे किती बसली असेल! आणि तेवढा वेळ तू कुठे होतीस? आजारी आहेस का? काही लपवते आहेस का? डोळे तर नाही ना गेले? मला खरं सांग. कसंही असलं तरी चालेल. खोटं तेवढं आता पुरे, तुझंही आणि माझंही.

पडद्याचं फोनवाल्याला अजून काही कळवलेलं नाही. सकाळ झाली की मी अजून तो डब्याला टेकून ठेवते, पांढरा करून. समोर ती पाठ असते. कामाला हात लागतो. हे बरं नाही, कळतंय.

उत्तर कागदावरच पाठव.

तुझी,
ताई

शनिवार, १२ ऑक्टोबर

ती. ताईस,
चिमीचा नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा आरसे घेऊन बसले. एक पुढे, एक मागे. तरी धड दिसेना. मग एकांना विचारलं, माझा भोवरा कुठे आहे हो? ते म्हणाले, "डावीकडे. का?"

ते म्हणजे काचवाले. आता त्यांच्याबद्दल सांगते म्हणजे सगळं सांगून होईल.

मी आजारी नाही. डोळे शाबूत आहेत. पहिलं हे वाचून घे आणि बस खाली.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर माझ्या खिडकीचं तावदान फुटलं होतं, तुला आठवेल, तू कॉलवर होतीस आणि ठोकाठोकीनं वैतागली होतीस. "कोण हा तासून राहिलाय?" म्हणालीस. ते हे. तावदान बसवून झालं, हिशेब झाला, तरी गृहस्थ खिडकीची कडा पुसत उभे. म्हणाले, "तुमच्या सुईकडे बघत होतो. मी एवढा वेळ कुणाला एका जागी बसलेलं पाहिलं नाही. दुखत नाही का?" ताई, मला हे कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तावदानाची पुट्टी वाळली का बघायला आले. तिसऱ्या दिवशीही. पुट्टी कधीची वाळली होती.

त्यांचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. दुपारी तिथे गिऱ्हाईक नसतं. मी तिथे जाते. ते काच कापतात, मी बघते. कधी नदीकाठानं चालतो. त्यांची बायको फार वर्षांपूर्वी गेली. माणूस साधा आहे, जरा बडबड्या, आणि चहा अगदी पाणचट करतो. एवढंच आहे. पण मला ते फार आहे.

तुला का सांगितलं नाही? भावोजी जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. तुझं घर रिकामं झालेलं असताना माझं भरतंय, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? आणि तू म्हणालीस ना तेव्हा, "चिमे, तू समोर असलीस की मी काम करू शकते." त्यानंतर दुपारी उठायचं म्हणजे मला चोरी वाटायला लागली. पाठीवर सतत तुझे डोळे. पहिल्यांदा मी नुसता स्वेटर खुर्चीला टाकून गेले. मग वाटलं, ताई वर बघेल आणि खुर्ची रिकामी दिसेल. मग मावशीला बसवलं. त्या टोपावर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी कुठल्या राणीसाठी घेतली नाही. तो श्वास सोडला तेही खरं. सोडला.

रागाव. पण रागावून बोलणं बंद करू नकोस.

आता एक सांगायचं राहतं, आणि ते लिहू की नको असं मला कालपासून होतंय. काचवाले म्हणाले, लिही, ताईंनीच आता खोटं पुरे म्हटलंय.

ताई, मी दुपारी जाताना फोनचा माइक बंद करून जायचे. दार ओढल्याचा, कुलपाचा आवाज तुला जाऊ नये म्हणून. रोज, न चुकता. मी आतल्या खोलीत कधीच नव्हते. घरात कुणीच नसायचं. दुपारी माझ्याकडून तुझ्याकडे कधी शब्द आलेला नाही.

ते "हं" मी म्हणत नव्हते.

तू एकटी राहू नकोस. इकडे ये. नाहीतर मी येते.

तुझी,
चिमी

गुरुवार, १७ ऑक्टोबर

चि. चिमे,

फोन मी मंगळवारी फोनवाल्याकडे देऊन टाकला. नवा पडदा सोमवारी बसेल असं त्यानं सांगितलंय. जुना हवा का म्हणून विचारत होता, आठवण म्हणून ठेवतात काही लोक. मी नको म्हटलं.

आधी काचवाल्यांचं. मी रागावले. दोन दिवस रागावले होते, भांडी आदळली, राणीचे केस इतके ओढून बांधले की जाळी फाटायची राहिली. मग कळलं, मला राग तू गेल्याचा नव्हता. तू दुपारी हसत असशील, कुणाच्या पाणचट चहाला नावं ठेवत असशील, आणि ते मला कुणी सांगितलं नाही, ह्याचा होता. मी दुःखात आहे म्हणून माझ्या घरात सुखाची बातमी आणायची नाही, असं मी कधी म्हटलं होतं? तोंडानं म्हटलं नसेल. पण तुला तसं वाटावं असं वागले असेन. वर्षभर तुला एका खुर्चीला बांधून ठेवलं मी. दुखत नाही का, हे मला नाही सुचलं, एका काचवाल्याला सुचलं. त्याला त्याबद्दल माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. चहाचं मी बघते.

आता ते दुसरं.

तुझं पत्र आलं तेव्हा पडदा समोरच होता, ती पाठ दाखवत. मी ती ओळ वाचली आणि फोनकडे बघायचं धाडस झालं नाही. पदरानं झाकला तो. घाबरले असं तुला वाटेल. मला कसली भीती वाटत होती सांगू? मी ते "हं" पहिल्या दिवशीच ओळखलं होतं की काय, ह्याची. मावशीला ओळखलं तसंच. तुझं "हं" असं नाहीच मुळी. तू "हं बोल" म्हणतेस, खणखणीत. नाकातल्या नाकात, अर्धं, वर्तमानपत्रातून डोकं न काढता "हं" म्हणणारा माणूस आपल्या घरात एकच होता. मी आयुष्यभर त्यावरून भांडले त्यांच्याशी. "तुम्ही ऐकता तरी का माझं?" की पुन्हा "हं."

म्हटलं, फोनमध्ये काही असेल. त्यांचाच फोन तो. म्हणून देऊन आले.

काल दुपारी कामाला बसले. डब्यापाशी काही नव्हतं, नुसती खिडकी. गाठी मारता मारता, मुद्दाम नाही, सवयीनं, तोंडातून गेलं, "धागा संपत आला वाटतं."

आणि आलं, चिमे. मागून. ह्यांच्या खुर्चीच्या बाजूनं. "हं."

मी वळले नाही. सुई टोचून ठेवली, हात पुसले. अंगावर काटा होता, पण खोटं कशाला सांगू, त्याखाली ऊब पण होती. तीच वाईट. मला एकदम दिसलं, मी रोज दुपारी इथे बसेन, बोलत राहीन, ते हं म्हणत राहतील, आणि मला कुणाचीच गरज उरणार नाही. तुझीसुद्धा नाही. एक दिवस, फोनवाला म्हणाला तसं, मीही ह्या खोलीवर उमटून जाईन, न हललेली.

मी खुर्चीकडे न बघता म्हटलं, "मी चिमीकडे जाऊन येते हो." उत्तराची वाट बघितली नाही. आतून पिशवी आणली आणि कपडे भरायला घेतले.

तर शनिवारी सकाळच्या बसनं निघतेय. दुपारी जेवणाच्या सुमाराला तुझ्या गल्लीत असेन, वाटेत रस्ता खणलाय म्हणतात, तेव्हा थोडा उशीर होईल. राणी बरोबर आणते, तिच्या बटा तिथे पुऱ्या करू, तू एका बाजूनं, मी एका बाजूनं. किती दिवस राहीन ते माहीत नाही. काचवाल्यांना शनिवारी दुकान बंद ठेवायला सांग, निदान दुपारचं. त्यांच्याशी माझं बरंच बोलणं आहे, काही गोड, काही नाही.

मला घ्यायला स्टँडवर येऊ नकोस. घरीच थांब. जिना मी सावकाश चढेन. दार तू उघड, दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नकोस. वर्षभर नुसती तुझी पाठ बघितली, आता तोंड बघायचंय.

निघतेय,
ताई